मार्थाचे तेरा ठोके

मित्रांनो, मी एक जुना रूळ आहे. अख्खा नव्हे, हातभर लांबीचा तुकडा. अंगावर गंज चढला आहे, पण मिजास मात्र पहिल्यासारखीच आहे. एके काळी कापसाच्या गाठी भरलेली छोटी रेल्वे माझ्या पाठीवरून जायची. ती इतकी सावकाश चाले की पोरं उतरून बोरं तोडत आणि पळत जाऊन पुन्हा चढत. गाठी जड असत, पण मी कधी वाकलो नाही. शेवटी एका थंडीत मला तडा गेला, तेव्हा मला कापून बाजूला टाकलं.

रुळांची निगा राखणारा बापूजी नावाचा गँगमन होता. त्यानं साहेबाला विचारून मला बैलगाडीत घातलं आणि मुकुटबनच्या पलीकडल्या आपल्या गावी आणलं. गावात दहा-बारा ख्रिस्ती घरं होती, कौलारू प्रार्थनामंदिर होतं, पण घंटा नव्हती. "यानं लय गाठी वाहल्या, आता मानसं बोलावन," असं म्हणत त्यानं मला मंदिरापुढच्या निंबाला तारेनं टांगलं. वाजवायला एक लोखंडी सळई ठेवली.

रविवारी उपासनेला माझ्यावर झपझप ठोके पडत. नाताळात पोरं मला नुसती बडवून काढत. मयताची रीत मात्र वेगळी होती. गेलेल्या माणसाचं जितकं वय, तितके संथ ठोके द्यायचे आणि शेवटी तळहात टेकवून मला गप्प करायचं. रानातल्या बाया काम थांबवून मोजत. घर ख्रिस्ती असो, बौद्ध असो की कोलाम आदिवाशाचं, मोजायचे सगळेच. बापूजीनंतर हे काम त्याच्या विधवा सुनेकडे, मानीबाईकडे आलं. ती रविवारच्या शब्बाथशाळेत लेकरांना शिकवी. जीभ तिखट, पण लेकरांसाठी जीव टाकणारी बाई.

मग कपाशीची ती वाईट वर्षं आली. बोंडं अळीनं पोखरली. पूर्वी मी सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत वाजायचो. आता बायांचं मोजणं पस्तिशीतच संपू लागलं.

त्याच दिवसांत दर श्रावणात एक काळीपिवळी जीप गावात येऊ लागली. मुकादम सांगे, "नदीपल्याड बियाण्याच्या कपाशीत फुलं जुळवाची हायेत, एका फुलाचा पराग दुसऱ्याले लावाचा. लेकरायचीच बोटं पाह्यजे, मोठ्या मानसाच्या हातानं फूल मोडते." पोरी शाळा सोडून तीन-चार महिने जात आणि विषारी औषधाच्या ओल्या फवारणीत दिवसभर उभ्या राहत. मानीबाईच्या शब्बाथशाळेतली दीपा अशीच जीपमधून गेली. परतली तेव्हा तिला दोन पावलं टाकली तरी धाप लागे. पौषात मानीबाईनं माझ्यावर चौदा ठोके दिले. पंधराव्यासाठी तिचा हात वर गेला आणि तसाच थांबला. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रवचनात सांगितलं की, मुकाट सहन करणं म्हणजेच आपला क्रूस वाहणं. मानीबाई ताडकन उठली.

"सायेब, प्रभूनं क्रूस सोताहून उचलला होता. दीपानं नाई उचलला. आपनच तिच्या खांद्यावर ठेवला. लेकरायले जवळ घेनाऱ्या प्रभूच्या नावावर हे खपवू नोका."

मला बाहेर निंबावर टाळी वाजवावीशी वाटली. पाळकसाहेब मनानं वाईट नव्हते, पण ते फार दुखावले. उन्हाळ्यात त्यांनी शहरातून पितळी घंटा आणवली, ती मंदिरात कुलपाआड टांगली आणि माझी सळई कपाटात ठेवली. मग मला कोण विचारतो? माझ्यावर लोक बैलांचे दोर वाळत घालू लागले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

श्रावणात जीप पुन्हा आली. या वेळी सात पोरी जाणार होत्या. त्यांत देवरावची मार्था होती, तेरा वर्षांची. मानीबाईनं देवरावला गाठलं.

"देवराव, दीपाले इसरला का रे?"

"काय करू मावशी? दोन सालं झाली, घरात कापूस नाई आला. सगळ्यायच्याच पोरी जाऊन राह्यल्या."

मार्था पत्र्याची पेटी धरून जीपजवळ उभी होती. "मले नाई जाचं," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मानीबाईनं ऐकलं. पाळकसाहेब तालुक्याला गेले होते आणि मंदिराला कुलूप होतं. ती घरात शिरली, वरवंटा घेऊन आली, माझ्यावरचे दोर तिनं ओढून फेकले आणि मला मारलं.

संथ. एक. मग दोन.

रानात निंदण चाललं होतं. बाया उभ्या राहिल्या. दहा, अकरा, बारा, तेरा. पुढे काही नाही. तेरा म्हणजे लेकरूच. हातातल्या विळ्यांसकट त्या धावत आल्या.

"कोन गेलं वो? कोनाचं लेकरू?"

"मार्था," मानीबाई म्हणाली.

"काहून वो, हे तं जिती हाय!"

"जिती हाय म्हनूनच वाजोलं. दीपासाठी मेल्यावर वाजोलं, त्याचा काय उपेग झाला?"

मुकादम खवळला. जित्या पोरीवर मयताचे ठोके देता, अभद्र करता, असं ओरडू लागला. तेवढ्यात दीपाची माय गर्दीतून पुढे आली. ती जीपच्या चाकापुढे बसली. तिच्या शेजारी दुसरी बसली, मग तिसरी. शेवटी देवराव खाली मान घालून आला आणि त्यानं मार्थाच्या हातातली पेटी घेतली. "चाल घरी, बाई," तो म्हणाला. सातही पोरी राहिल्या आणि जीप रिकामी परत गेली.

त्या दिवशी मानीबाईनं माझ्यावर तळहात टेकवला नाही. मी बराच वेळ घुमत राहिलो.

कपाशी काही लगेच सुधारली नाही. जीप दुसऱ्या गावांना जात राहिली, हेही मला ठाऊक आहे. पण तालुक्याहून परतल्यावर हे सारं ऐकून पाळकसाहेबांनी स्वतः सळई आणून निंबाच्या खाचेत ठेवली आणि रविवारी उभं राहून सांगितलं, "मी चुकलो." नंतर जीपच्या मुकादमाशी ते स्वतःच भांडू लागले.

मार्था पंधराची झाली त्या दिवशी तिनं सळई घेतली आणि माझ्यावर झपझप ठोके दिले. चौदाव्यानंतर ती क्षणभर थांबली, मग पंधरावा सगळ्या जोरानिशी मारला. दीपाची माय रानातून मोजत होती.

तर मित्रांनो, मला तेल नको, रंग नको, माझी कीवही नको. लोखंडाची काळजी नाही केली तरी चालेल, लेकरांची करा. आणि कुणा लेकराचं वय माझ्यावर वाजवायची वेळ आलीच, तर ते जितं असताना वाजवा.