पिवळं एक्केचाळीस

आमच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवणारं कुणी नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या या ऑस्ट्रेलियातल्या बंदरगावात, पोर्ट पिरीत, भेटेल तो मला तेच विचारतो. नव्हतं. मिळालंच नाही! गिटारवर मरिसा कापुटो, ड्रम्सवर केल आणि पुढे माइक धरून मी, ब्रायनी. बँडचं नाव 'सॉल्ट डॅम्प'. इथल्या जुन्या घरांच्या भिंतींना खालून ओल आणि मीठ चढत जातं, रंगाचे पोपडे पडतात, पुन्हा रंगवा, पुन्हा पडतात. "आपण तसेच," मरिसा म्हणाली होती, "कितीही खरवडा, परत येणार." मला ते इतकं आवडलं की मी तळहातावर पेनाने लिहून घेतलं होतं.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात हजेरी देतानाही माझा आवाज फुटायचा नाही. ती दोघं एक इयत्ता पुढे. मरिसाच्या बाबांच्या शेडमध्ये, मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगाऱ्यात सराव चालायचा. घरी गेले की आई म्हणायची, "आधी केस धू, कोळंबीचा वास येतोय."

पहिला कार्यक्रम नेटबॉल क्लबच्या जेवणात. मी अख्खा वेळ लोकांकडे पाठ करून गायले. दुसरा शेतकी जत्रेत, मेंढ्यांच्या शेडशेजारी. मेंढ्या आमच्यापेक्षा सुरात होत्या, पण मी तोंड लोकांकडे केलं होतं. मग गावच्या रेडिओवर आमचं गाणं एकदा लागलं, भरती-ओहोटीच्या वेळा सांगून झाल्यावर. आणि शेवटी, मी पंधराची झाल्यावर, ग्लेंडाचा पब! महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, दर महिन्याला. पोस्टरवर आमचं नाव बार्बेक्यूच्या वर छापलेलं.

फक्त ग्लेंडाची एक अट होती. अठरा पूर्ण नसतील त्यांनी गाणी चालू असतील तेवढाच वेळ आत थांबायचं. मध्यंतर झालं की मागच्या अंगणात. दारात जमिनीवर लाल पट्टी मारलेली, तिच्या पलीकडे. सुरुवातीला आम्ही तिघंही बाहेर असायचो. बिअरच्या रिकाम्या पिंपांशेजारी क्रेट उपडे टाकून बसायचं, मीठ-मसाल्याचे गरम चिप्स खायचे, दारावरच्या स्पीकरमधून आतली गंमत ऐकायची. मध्यंतरात आत मटणाची लॉटरी असते. जिंकणाऱ्याला चॉप्स आणि सॉसेजचा ट्रे मिळतो. ग्लेंडाचा माइक कायमचा बिघडलेला, म्हणून नंबर माझ्याच माइकवरून पुकारतात.

जुलैत केल अठरा वर्षांचा झाला आणि आत गेला. ऑक्टोबरात मरिसा झाली. "मी बसेन गं तुझ्याबरोबर," ती म्हणाली, आणि एकदा बसलीही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी मध्यंतर झालं. त्या दोघांच्या परीक्षा संपल्या होत्या, सगळे खुशीत. मरिसा धावत बाहेर आली, माझ्या हातात लॉटरीचं एक पिवळं तिकीट कोंबलं. "तुझ्यासाठी घेतलं! आलेच हं, ब्राय. ग्लेंडाने मला चिठ्ठी काढायला बोलावलंय."

मी बसले. चिप्स गार झाले. एक सीगल आला, त्याला दोन दिले.

मग डोक्यावरच्या स्पीकरमधून मरिसाचा आवाज. "ऐकू येतंय का? बरं, मटणाच्या आधी एक बातमी. आज आमचा शेवटचा कार्यक्रम आहे. मी आणि केल फेब्रुवारीत अ‍ॅडलेडला चाललोय. तिथल्या एका बँडने आम्हाला घेतलंय." आत लोकांनी "अरेरे" केलं. मग केल ओरडला, "आणि त्यांच्याकडे बेसवाला आहे!" सगळे खदाखदा हसले.

मी क्रेटवरून उठलेच नाही. डोक्यात एवढंच आलं, की बँड गेला तर मी परत तीच होणार, हजेरीला आवाज न फुटणारी.

"पिवळं तिकीट, नंबर एक्केचाळीस!"

मी हातातलं तिकीट पाहिलं. एक्केचाळीस. मी लाल पट्टीपर्यंत गेले. ग्लेंडाचा नवरा मर्व दाराशीच होता. "ए पोरी, पट्टीच्या आत नाही हं."

"पण माझा नंबर..."

"काय?"

"पिवळं एक्केचाळीस! आहे का कुणी? गेलं का बाथरूममध्ये?" स्पीकर म्हणत होता. मी तिकीट वर धरलं. आत सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. मी ओरडू शकले असते. मेंढ्यांवर मात करणारा आवाज आहे माझा! पण तो आलाच नाही. तीनदा पुकारून मरिसाने दुसरी चिठ्ठी काढली आणि ट्रे म्हाताऱ्या नेव्हला गेला.

पुढच्या गाण्यांसाठी मी आत गेले तेव्हा मरिसा कुजबुजली, "ब्राय, मी तुला नंतर नीट सांगणार होते. ग्लेंडा म्हणाली लोकांना सांगून टाक, तर बोलून गेले. तू... ऐकलंस?"

"बाहेर स्पीकर आहे, मरिसा."

तिने ओठ चावला. त्याच स्पीकरखाली ती स्वतः दीड वर्ष बसली होती, आणि महिन्याभरात विसरली.

मी माइक हातात घेतला. लोकांकडे तोंड केलं आणि बोलले. "पिवळं एक्केचाळीस माझ्याकडे आहे."

मग नेव्ह, "आता गं? मटण माझ्या गाडीत जाऊन बसलं!"

"मग निम्मे सॉसेज काढ, नेव्ह! नाहीतर तुझ्या नावाने गाणं लिहीन."

लोक टेबलं बडवायला लागले. त्यातच मी गाणं सुरू केलं. धृपदाची दुसरी ओळ नेहमी मरिसा माझ्याबरोबर गाते. त्या दिवशी ती गायली नाही, रडत होती, गिटार तेवढी वाजवत राहिली. ती ओळ मी पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या आवाजात ऐकली. खूप मोकळी जागा होती तिच्यात. भीती वाटली, पण सूर पडला नाही.

नंतर सामान आवरलं. मरिसाने गिटार नेली, केलने ड्रम्स. मरिसाने मला घट्ट मिठी मारली, "फोन करत जाईन," म्हणाली. मी आईच्या गाडीत बसले, मांडीवर नेव्हने दिलेले सहा सॉसेज आणि माइक. तोही शाळेचा.

"कसं झालं गं?" आईने विचारलं.

"छान," मी म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

सोमवारी माइक परत करायला संगीताच्या मिस पॅपसकडे गेले. "ठेव कपाटात," त्या म्हणाल्या. मी ठेवला नाही.

"मिस, पुढच्या वर्षी बुधवारी ही खोली कुणाकडे आहे?"

"अजून कुणीच मागितली नाही. तुमची दोघं तर चालली ना?"

"हो. खोलीची नोंदवही द्या ना."

त्यांनी वही पुढे सरकवली. मी लिहिलं: बुधवार, शाळा सुटल्यावर. बँड: सॉल्ट डॅम्प. सभासद: १.

मिसनी चष्मा वर केला. "एकीचा बँड?"

"सध्या."

"बेस कोण वाजवणार?"

"मिस!"

त्या हसल्या आणि किल्ली देऊन वर्गाला गेल्या. मी माइक जोडला. "ऐकू येतंय का?" विचारलं. रिकाम्या खुर्च्यांवरून आवाज फिरून माझ्याचकडे आला. सवयीने मी उत्तरासाठी जरा थांबले. मग सुरू केलं, आणि दुसऱ्या ओळीलाही थांबले नाही.