हॅदरलीचा आवाज मी पुसला

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जन्म जपानचा, उमेदीची वर्षे नागपूरची आणि म्हातारपण आयर्लंडमधल्या कासलबार गावातले. माझ्या हातून एक पाप घडले. ते कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९७७ साली गुरुनाथरावांनी मला घरी आणले. तेव्हा ते वीज मंडळात कारकून होते. रविवारी सकाळी ते रेडिओवर लंडनचे एक केंद्र लावत. तिथे सिरिल हॅदरली नावाचा ब्रिटिश विनोदवीर येई. स्वतःच लिही, स्वतःच सगळे आवाज काढी. त्याचा एक दुकानदार होता. 'छत्री हवी? कशाला हवी?' असे विचारत तो गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने आणि खूश करून परत पाठवी. एका रविवारी गुरुनाथरावांनी तो भाग माझ्याकडून कॅसेटवर उतरवून घेतला. मी किती तन्मय होऊन ऐकले होते म्हणून सांगू!

ती कॅसेट लावून लावून ते इंग्रजी शिकले. पुढे ऑफिसच्या गणेशोत्सवात त्यांनी तोच दुकानदार मराठीत उभा केला. सगळ्यांनी त्यांचे कौतुक केले आणि त्यांनी घरी येऊन माझ्यावरची धूळ पुसली.

फेब्रुवारी २०२० मध्ये ते इथे कासलबारला मुलाकडे, मुकुलकडे, दोन महिन्यांसाठी आले. सोबत मला घेऊन आले. मुकुल वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. टाळेबंदी लागली, विमाने थांबली, मुकुलचे ऑफिस घरात आले. मी वाजू लागलो की तो दारातून डोकावे.

"बाबा, मीटिंग चालू आहे. आणि हे सगळं ऑनलाइन असतं हो, फुकट."

"हे नाहीये," गुरुनाथराव म्हणत.

मग ते मला मागच्या अंगणात नेऊ लागले. मे महिन्यात एकदा कुंपणापलीकडून हसू आले. शेजारच्या ब्रिजेटबाई हातातली बागेची कात्री खाली ठेवून उभ्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या.

"हा हॅदरलीच ना? माझी आई स्वयंपाकघरात याला ऐकायची!"

त्यानंतर रोज दुपारी चार वाजता कुंपणाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या जात. दोघे एकाच वाक्याला हसत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस.

२०२१ च्या मार्चमध्ये ब्रिजेटबाईंनीच बातमी आणली. हॅदरलीची जन्मशताब्दी होती. लंडनच्या केंद्राने जुन्या फिती कधीच पुसून टाकल्या होत्या आणि आता ते श्रोत्यांकडे हरवलेले भाग मागत होते. त्या यादीत छत्रीचा भागही होता! बाईंनी पत्र पाठवले. उत्तर आले: शुक्रवारी अकराला फोन करतो, ऐकवा.

गुरुनाथरावांनी जेवताना मुकुलला सगळे सांगितले.

"हो बाबा, ग्रँड," मुकुल फोनमध्ये बघत इथल्या लोकांसारखे म्हणाला.

गुरुवारी गुरुनाथराव फिरायला गेले असताना मुकुलने खोली आवरायला काढली. जुन्या वस्तू दान घेणाऱ्या दुकानात मला द्यावे असे त्याच्या मनात आले. चालतो का बघू म्हणून त्याने माझे रेकॉर्डिंगचे लाल बटण दाबले आणि "हॅलो, हॅलो" केले. तेवढ्यात त्याची मीटिंग सुरू झाली. मी तसाच फिरत राहिलो. कॅसेट आतच होती. मला ओरडता येत नाही, थांबता येत नाही. अर्धा तास मी माझ्याच डोक्याने, म्हणजे फीत पुसणाऱ्या हेडने, हॅदरलीचा एकेक शब्द पुसत गेलो.

शुक्रवारी अकराला लंडनहून फोन आला. ब्रिजेटबाई मास्क लावून खिडकीबाहेर उभ्या होत्या. गुरुनाथरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी बटण दाबले.

"हॅलो, हॅलो," मी मुकुलच्या आवाजात म्हणालो. "कॅन यू हिअर मी? यू आर ऑन म्यूट."

फोनवरची बाई मोकळेपणी हसली. तिला वाटले, म्हाताऱ्याने गंमत केली. गुरुनाथरावांनी कॅसेट पुढे नेली, मागे नेली, उलटी घातली. मग त्यांनी फोन हळूच ठेवला.

"सॉरी बाबा," मुकुल म्हणाला. "मला काय माहीत?"

"जेवताना सांगितलं होतं रे."

ब्रिजेटबाई खिडकीपासून हळूच निघून गेल्या.

विमाने सुरू झाल्यावर गुरुनाथराव नागपूरला परतले. सामानात जागा होती, तरी मला इथेच ठेवून गेले. शताब्दीचा कार्यक्रम झाला. निवेदकाने शेवटी न सापडलेल्या भागांची यादी वाचली. छत्रीचे नाव तिसरे होते. मुकुल ऐकत होता. आता तो मला दान देत नाही आणि लावतही नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या जुन्या वस्तूचे बटण दाबण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते विचारा. आणि घरातले म्हातारे माणूस काही सांगत असेल, तर मान वर करा. मी तर यंत्र. बटण सांगेल ते धरायचे, बटण सांगेल ते सोडायचे. तुम्हाला कान आहेत.