माझ्या मालकाची पिवळी फडकी

हो, ते सगळं मीच घडवून आणलं. उंदराला दोष देऊ नका, त्या बिचाऱ्यानं फक्त दात चालवले. डोकं माझं होतं. मी बोलतेय, कंपाउंडच्या भिंतीला लागून उभी असलेली आकाशी रंगाची छोटी गाडी. माझ्यावर अन्याय झाला, मी डूख धरला आणि वेळ येताच उट्टं काढलं. पश्चात्ताप म्हणाल तर काडीइतकाही नाही.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी अशी नव्हते. साधीसुधी, हसरी होते. माझी पहिली मालकीण जनावरांची डॉक्टर. तिनं पहिल्याच दिवशी सीटवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं आणि मागे एक भलामोठा आजारी कुत्रा बसवला. त्यानं माझ्या अंगावर जे करायचं ते केलं. डॉक्टरीणबाईंनी ते पुसलं, खिडक्या उघडल्या आणि गाणं म्हणत पुढे निघाल्या. गळा बेसूर होता, पण मला ते गाणं आवडायचं. चिखल, खड्डे, कच्चे रस्ते, काही म्हणून सोडलं नाही आम्ही.

वर्षही झालं नसेल, तेवढ्यात त्यांना परदेशात नोकरी लागली. जाताना त्यांनी माझं स्टिअरिंग थोपटलं आणि नव्या मालकाला सांगितलं, "हिला फिरवत राहा हं. उभी राहिली की रुसते ही."

नव्या मालकानं मान डोलावली, पण त्याचं लक्ष माझ्या बॉनेटमध्ये दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याकडे होतं. "अगदी नव्यासारखी आहे," तो म्हणाला. मला वाटलं, कौतुक करतोय. ती माझी शिक्षा होती, हे मागाहून कळलं.

लोक मालकाला अहो-जाहो करतात. मी करणार नाही. घरी आणल्या आणल्या त्यानं माझ्या सगळ्या सीटवर जाड, पारदर्शक प्लास्टिक चढवलं. पायाखाली वर्तमानपत्रं अंथरली. माझं माहितीपुस्तक पिशवीत घालून कपाटात ठेवलं. मग आणली पिवळी, मऊ फडकी, गठ्ठेच्या गठ्ठे. सकाळी ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा तो मला पुसायचा. इमारतीतली पोरं त्याला 'फडकंकाका' म्हणायची. स्वारी ऑफिसला मात्र बसनं जायची.

रविवारी तो मला जागच्या जागी सुरू करायचा, जरा घरघर ऐकायचा आणि बंद करायचा. "बॅटरी उतरायला नको," म्हणायचा. चाकं असून मी कुठे जात नव्हते. अंगाला गंज चढतोय, टायर एकाच बाजूला दबताहेत, हे त्याला दिसत नव्हतं, कारण ते फडक्यानं पुसता येत नव्हतं.

त्याच्या बायकोला गाडी चालवता यायची. लग्नाआधीच शिकली होती, लायसन होतं, हात साफ होता. "अहो, मी एक चक्कर मारून आणते," असं ती म्हणाली की हा म्हणायचा, "तुझा हात अजून बसायचाय." अहो, पण बसणार कसा? माझ्या सीटवर तरी बसू दे तिला! माझं माहितीपुस्तक त्या घरात फक्त तिनंच वाचलं होतं, तेही हा बाहेर गेला असताना.

इथवर मी सोसलं. मी डूख धरला तो त्याच्या सासूबाईंमुळे.

सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहायच्या. जन्मभर कपडे शिवले त्यांनी. आता गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. लेकीकडे गाडी आली असं कळल्यावर त्यांनी जाड तपकिरी कापड आणलं आणि दिसेल तितकं बघत, बाकीचं बोटांनी चाचपत, माझ्यासाठी सीटकव्हरं शिवली. कडेनं लाल गोठ. मागच्या सीटचं कव्हर दोन तुकड्यांत होतं, कारण त्यांच्या छोट्या मशीनवर अख्खं मावेना. ते गाठोडं छातीशी धरून, काठी टेकत, बस बदलत त्या आल्या.

"जावईबापू, बघा बरं मापात बसतात का. आणि मला एक चक्कर मारून आणा. माझ्या घरापर्यंत सोडलंत तरी चालेल."

मालक हसला. "वा आई, छान शिवलीत! जपून ठेवतो." त्यानं ती कव्हरं डिकीत टाकली. "चक्कर मात्र पुन्हा कधीतरी. आत्ताच पॉलिश केलंय, आणि तुमच्या काठीला खाली लोखंडी टोपी आहे ना..."

म्हातारीनं काठीकडे पाहिलं, जणू चूक काठीचीच होती. "बरं बरं," म्हणाली आणि बसथांब्याकडे वळली. लेक तिच्या मागे धावली. हा गडी काय करत होता? माझ्या दारावर म्हातारीच्या बोटांचे ठसे उमटले होते, ते पिवळ्या फडक्यानं पुसत होता. त्या क्षणी मी ठरवलं, बच्चमजी, तुला दाखवते.

पण उभ्या गाडीच्या हातात असतं काय? संताप येऊन येऊन माझ्या बॅटरीचं पाणी आटायची वेळ आली. मग एक दिवस बॉनेटखालून एक उंदीर आत आला. जागा निवांत आहे, कुणी हलत नाही, डुलत नाही, हे पाहून तो खूश झाला. मी त्याला ठेवून घेतलं. अट एवढीच, डिकीतल्या कव्हरांना आणि इंजिनाच्या वायरींना दात लावायचा नाही. हॉर्नची वायर मी त्याला आंदण दिली. घरट्यासाठी लागेल तेवढं मऊ कापड पुढच्या खणात होतंच, पिवळं, मालकानं स्वतः घडी घालून ठेवलेलं. उंदरानं ते कुरतडलं, पिंजलं आणि एसीच्या पंख्यापाशी असं ऐसपैस घरटं बांधलं की बघत राहावं.

मग सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. बायकोनं मालकाला समोर बसवून सांगितलं, "आईला घरी आणायचं ते गाडीनंच. बसच्या गर्दीत तिच्या डोळ्याला कुणाचं कोपर लागलं तर? आता तरी नाही म्हणू नका."

"शब्द दिला," मालक म्हणाला. मी ऐकलं. खरं सांगते, त्यानं शब्द पाळला असता तर मी उंदराला हाकलून दिलं असतं.

ऑपरेशन नीट झालं. रात्रभर बायकोच्या मावशी सोबतीला होत्या, सकाळी आईला आणायला लेकीनं जायचं होतं. ती पर्स घेऊन खाली उतरली तर हा माझ्यापाशी कडक इस्त्रीत उभा. शेजारी त्याच्या ऑफिसातले, पलीकडच्याच गल्लीत राहणारे मोठे साहेब, काळ्या कोटात. त्यांची गाडी बिघडली होती आणि यानं फोन करकरून त्यांना 'ऑफिसला माझ्या गाडीनं सोडतो' म्हणून बोलावून घेतलं होतं.

"आणि आई?" बायकोनं हळूच विचारलं.

"अगं, टॅक्सी आहेत की रस्त्यावर. आणि हे बघ, गाडी नव्यासारखी आहे, दवाखान्याचा वास लागला तर जात नाही."

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब ऐटीत पुढे बसले. प्लास्टिक कर्रकन वाजलं. मी उंदराला म्हटलं, तयार राहा.

"ठेवलीय मात्र छान," साहेब म्हणाले. "जरा एसी लावता का? हे प्लास्टिक फार तापलंय."

मालकानं मोठ्या रुबाबात बटण फिरवलं, थेट शेवटच्या आकड्यावर.

आणि मी मनातली सगळी वाफ सोडली! पिवळ्या चिंध्या, लेंड्या, कुरतडलेलं वर्तमानपत्र, सगळं साहेबांच्या तोंडावर, मिशीत, काळ्या कोटावर. साहेब ओरडायला गेले तर तोंडात पिवळा धागा. एवढ्यात घर उडालेला उंदीर खणाच्या फटीतून निसटला आणि साहेबांच्या मांडीवर उतरला. साहेबांनी दार उघडून उडीच टाकली. मालकानं घाबरून हॉर्नवर हात मारला, आणि कुरतडलेली वायर चिकटली ती चिकटलीच. पोंऽऽऽऽ! सगळ्या खिडक्या उघडल्या. वॉचमन धावला. पोरं ओरडली, "फडकंकाकांच्या गाडीत उंदीर!" साहेब कोट झटकत फाटकाबाहेर पडले आणि रस्त्यावर पहिली टॅक्सी दिसली तिच्यात बसले. टॅक्सी होत्याच की रस्त्यावर!

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर गाणं होतं ते. मी ते मनसोक्त म्हणून घेतलं.

मालक पायरीवर डोकं धरून बसला. "विकून टाकतो हिला," एवढंच पुटपुटत होता. बायकोनं त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली. बॉनेट उघडलं, पुस्तकात वाचलं होतं तसा हॉर्नचा फ्यूज शोधून उपटला. आवाज थांबला. मग वर जाऊन ती कात्री घेऊन आली. पुढच्या सीटवरचं प्लास्टिक कापलं, मागचं निम्मं कापलं, चिंध्या झटकल्या आणि डिकीतलं गाठोडं सोडलं. कव्हरं अशी चपखल बसली की मला माझंच अंग पुन्हा सापडलं.

"मी आईला आणते," ती म्हणाली. "तुम्ही येताय का?"

मालक मुकाट्यानं उठला.

हॉर्न नव्हता. गर्दीत ती खिडकीतून डोकं काढून "बाजूला व्हा हो!" म्हणत गेली. दवाखान्याच्या दारात म्हातारी एका डोळ्यावर पट्टी बांधून, मावशींचा हात धरून उभी होती. पुढच्या सीटवर बसताना काठीची लोखंडी टोपी माझ्या दारावर खर्रकन ओढली गेली. लांबलचक रेघ उमटली. मालकानं तोंड उघडलं, बायकोनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं, तोंड मिटलं.

म्हातारीचा हात सीटच्या कडेला लागला. बोटं गोठावरून पुढे सरकली, थांबली, मागे आली. "अगं," ती म्हणाली, "ही तर माझी शिलाई." मी जपून चालले, एकही खड्डा लागू दिला नाही.

आता मला रोज बाहेर नेतात. अंगावर चार ओरखडे आहेत, मागे पीठ सांडलेलं आहे. जिला आता मी मालकीण म्हणते, ती गाडी चालवताना गाणं म्हणते. पहिलीपेक्षाही बेसूर. फक्त मागच्या सीटच्या डाव्या बाजूला प्लास्टिक तसंच आहे. "तुम्हाला नव्यासारखं आवडतं ना," ती म्हणाली, "म्हणून तुमची जागा राखून ठेवलीय." उन्हात तो तिथे बसला की शर्ट चिकटतो, आणि तो हलला की प्लास्टिक कर्रकन वाजतं. मला त्याचा अजून कंटाळा आलेला नाही.

तुमच्या दारात कुणी अशी धुऊनपुसून उभी असेल, तर तिला आजच बाहेर काढा, आणि ज्याला नाही म्हणालात त्याला आधी बसवा. नाही जमलं तरी हरकत नाही. आमचा उंदीर सध्या नवं घर शोधतोय.