चिठ्ठीविना औषध

कळंब्याजवळच्या गुऱ्हाळात ऊस घालताना चिमणाबाईचा डावा हात चरकात सापडला आणि पंजा गेला. तेव्हा पेठेतल्या सार्वजनिक दवाखान्यात तिच्यावर फुकट उपचार झाले. नियमच तसा होता: मालकाची चिठ्ठी आणणाऱ्या गरीब कामगाराला औषध मोफत.

उन्हाळ्यात जखम पुन्हा चिघळली. आता काम नव्हतं, म्हणून चिठ्ठीही नव्हती. कंपाउंडरनं तिला दारातूनच परत पाठवलं.

चिमणाबाई घरी गेली नाही. आतल्या खोलीत दवाखान्याच्या पंचांची बैठक चालली होती, तिथं ती थेट जाऊन उभी राहिली. अध्यक्ष दत्तोपंत, निवृत्त हेडमास्तर, म्हणाले, "बाई, बैठक चालू आहे."

"म्हणून तर आलोय की! काम हुतं तवर औषध फुकट, हातासंगं काम गेलं तर इकत. ह्यो कसला न्याव, गुरुजी?"

डॉक्टर मीनाक्षीबाईंनी तिचा सुजलेला हात पाहिला. अंगात तापही होता. दत्तोपंत हळू आवाजात म्हणाले, "यांच्यापुरता अपवाद करू. औषध द्या."

चिमणाबाईनं हात पदराखाली घेतला. "मला एकलीला नको. आमच्या गल्लीत ज्ञानू हाय, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. बयाबाई म्हातारपणानं अंथरुणाला खिळलीया. त्यास्नी कोण मालक चिठ्ठी देणार?"

"सगळ्यांना द्यायचं म्हटलं तर औषध पुरणार नाही हो," दत्तोपंत म्हणाले. "उद्या अख्खं गाव दारात येईल."

"येऊ द्या की! कडू औषध हौसेनं कोण पितंय?"

ती बाहेर ओसरीवर जाऊन बसली. मीनाक्षीबाई औषध घेऊन आल्या, तरी तिनं घेतलं नाही. "ज्ञानूलाबी द्या, मग पितो," म्हणाली. तापानं तिचे ओठ सुकले होते.

आत बराच वेळ वाद झाला. दत्तोपंतांची काळजी खोटी नव्हती. पण ओसरीवरची ती बाई त्यांना खिडकीतून दिसत होती. शेवटी ते स्वतः बाहेर आले. "म्हाताऱ्यांना आणि अपंगांना यापुढे चिठ्ठी लागणार नाही. शेजाऱ्यानं ओळख दिली की पुरे. आता तरी घ्या, चिमणाबाई."

तिनं डोळे मिटून औषध पिऊन टाकलं.

दसऱ्याच्या सुमारास औषधं खरोखरच कमी पडली. तेव्हा दत्तोपंत चिमणाबाईला बरोबर घेऊन शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्यांकडे वर्गणी मागायला गेले. गुरुजी अदबीनं बोलायचे, ती रोखठोक. एका अडत्यानं कुरकुर केली, तशी ती म्हणाली, "शेठ, म्हातारपण तुमालाबी चुकलं न्हाय." शेठ हसला आणि त्यानं मदत कबूल केली.

त्या आठवड्यात बयाबाईला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. ज्ञानू गाडीच्या मागचा दांडा धरून चालत होता. दारात ही गर्दी. चिमणाबाईनं पदर खोचला आणि ओरडली, "ए पावणं, सरका की बाजूला! म्हातारीला आधी जाऊ द्या!"