जाळी कोणी काढली?

पानठेल्यावर तासभर जागचा न हलता गप्पा हाणणारा आपला नागपूरचा माणूस, पण हातात माईक दिला की त्याची बोबडी वळते. बळीराम तर त्यातला अट्टल. आणि कारखान्यातल्या बाबारावांच्या निरोप समारंभात भाषण करायचं या पठ्ठ्यानं स्वतःहून कबूल केलं! मग काय, अशा वेळी सगळे जातात तिथंच तोही गेला, जरीपटका वस्तीत प्रमोदिनीबाईंकडे.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. साखरपुडा असो, साठी असो की निरोप, भाषण लिहून घ्यायला माणसं त्यांचंच दार वाजवायची. पण आयतं भाषण त्या देत नसत. समोर बसवून माणसाला बोलतं करायच्या आणि त्याच्याच तोंडचे शब्द कागदावर उतरवायच्या.

बळीरामनं घरून चार ओळी खरडून आणल्या होत्या. मनमिळाऊ, कष्टाळू, शिस्तप्रिय. बाईंनी तिन्ही शब्दांवर लाल पेनानं काट मारली.

"हे शब्द मी शंभर निरोपांत ऐकलेत, कोणालाही बसतात. बाबारावांनी तुमच्यासाठी काय केलं, ते सांगा."

"लय केलं, बाई."

"लय म्हणजे काय?"

बळीरामची मान खाली. समोरचा चहा निवला. शेवटी त्यानं सांगून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी, टेम्पररी असताना, पत्रा अडकला म्हणून त्यानं चालू मशीनची सुरक्षेची जाळी काढून आत हात घातला होता. बाबारावांनी धावत येऊन मशीनमध्ये लोखंडी पहार खुपसली. हात वाचला, मशीन मोडलं. चौकशीत साहेबांनी विचारलं, जाळी कोणी काढली? बाबाराव म्हणाले, मी. बळीराम पुढं कायम झाला. बाबारावांचं फोरमन होणं मात्र तिथंच संपलं.

"त्याईच्या घरच्या जिजाबाई अजून त्याईले धांदरट म्हणते, बाई. माह्यासमोर म्हणते. आन् मी गुमान आयकून घेतो."

"मग हेच बोला."

"नोकरी जाईन ना! साहेब समोरच बसून राहीन."

"जाऊ शकते," बाई म्हणाल्या. "तुमचा कागद तुमच्याजवळ आहे, तो वाचलात तरी लोक टाळ्या वाजवतील. पण खरं बोलायचं असेल तर उद्यापासून रोज संध्याकाळी सहाला या."

काय बाई होती! जबरदस्ती नाही, उपदेश नाही. बळीराम रात्रभर तळमळला आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहालाच फाटकात हजर झाला. आठ दिवस बाईंनी त्याच्याकडून तेच तेच बोलून घेतलं. तो अडखळला की म्हणायच्या, "थांबा, पाणी प्या, पुन्हा." एकदाही वैतागल्या नाहीत.

समारंभाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं. जिजाबाई नवी साडी नेसून नवऱ्याशेजारी मंचावर बसल्या होत्या. बळीराम उठला. आवाज फुटला. जाळीपासून चौकशीपर्यंत सगळं त्यानं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. साहेबांच्या कपाळावर आठ्या. मागच्या रांगेत बसलेल्या प्रमोदिनीबाईंचे ओठ त्याच्या शब्दांबरोबर हलत होते.

मग उत्तराला बाबाराव उभे राहिले.

"साहेब, पोरगा भावनेच्या भरात बोलून गेला. मले मोठं कराच्या नादात स्वतःवर ओढून घेऊन राहिला. जाळी मीच काढली होती, रेकॉर्डवर हाय ते."

लोक सुटल्यासारखे हसले. साहेबही हसले. बळीराम वाचला होता! आता त्यानं नुसतं खुर्चीत बसून राहायचं होतं.

तो पुन्हा उठला. या वेळी माईक नव्हता, आणि बाईंनी शिकवलेलंही काही उरलं नव्हतं.

"दादा, तवा तुमी खोटं बोलले आन् मी गप बसलो. आज नाही बसत. जाळी मी काढली, साहेब. लिहून देतो."

साहेबांचं हसू मावळलं. "उद्या दहाला केबिनमध्ये ये."

"येतो, साहेब," बळीराम म्हणाला.

बाबाराव पुन्हा तोंड उघडणार, तोच जिजाबाईंनी त्यांच्या हातातला माईक ओढून घेतला. डोळे भरून आले होते, पण आवाज ठणठणीत.

"अकरा वर्षं मी तुमाले धांदरट म्हणून राहिली. एका शब्दानं मले सांगाचं काहून नाही?"

"तुले सांगतलं असतं, तर सांजेपर्यंत साऱ्या मोहल्ल्यात झालं असतं ना वं."

हॉल खदखदून हसला. जिजाबाईंनाही हसू आलं, आणि हसता हसताच त्या रडल्या. पदरानं तोंड पुसून त्या माईकवरच नवऱ्याला म्हणाल्या, "उद्या बळीरामसंगं तुमीबी केबिनमंदी जा. पण या खेपेस तोंड बंद ठेवजा. त्याले बोलू द्या."