आधी आवाज

चौकीच्या मागच्या भिंतीला सांडपाण्याची मोरी होती. सटवाजीने खांद्यापर्यंत हात आत घालून सुरुंगाच्या दारूची पिशवी सारली, वात बाहेर ओढून घेतली आणि ओली काळी माती लाकडी दांडक्याने ठासायला घेतली. लोखंड दगडाला घासलं की ठिणगी पडते, म्हणून पहार त्याने दूर बाभळीखाली ठेवली होती. विहिरींना सुरुंग लावण्यात त्याचा जन्म गेला होता. मोकळी दारू पेटली तर नुसता धूर होतो. तिला कोंडलं, बाहेर पडायला वाट ठेवली नाही, तरच ती काळा पाषाण फोडते. आज पाषाण नव्हता. भिंतीपलीकडे जमादार आणि त्याचे शिपाई दुपारचं जेवून झोपले होते.

"घोरतो कसा बघा, मेस्त्री," गुलाबसिंग पुटपुटला. "पोळ्याचा बैल खाऊन पडला जसा."

गुलाबसिंग तांड्यावरचा. सटवाजीने छिन्नी धरायची आणि गुलाबसिंगने घण हाणायचा, अशी दोघांची तरणेपणापासूनची जोडी. घण घसरला तर छिन्नी धरणाऱ्याचं मनगट जातं. सटवाजीची दोन्ही मनगटं शाबूत होती.

हैदराबादचं राज्य हिंदुस्थानात जायचं की नाही, यावरून त्या वर्षी मुलूख पेटला होता. होळीच्या आधी हाच जमादार टोळी घेऊन साखऱ्यात, सटवाजीच्या गावी, आला. सरहद्दीपलीकडच्या बंडवाल्यांच्या कॅम्पाला दारू कोण पुरवतो, असं विचारत तो सटवाजीच्या दारात उभा राहिला. सटवाजी तेव्हा परगावी विहिरीवर होता आणि कॅम्प त्याने पाहिलाही नव्हता. टोळीने मनकर्णाला, त्याच्या बायकोला, घरात ढकललं, बाहेरून कडी घातली आणि छपराला आग लावली. सटवाजी धावत आला तेव्हा छप्पर बसलं होतं. त्याने कडी काढली. तळहाताची कातडी कडीलाच राहिली. मनकर्णा उंबऱ्याशीच होती, दोन्ही हात दाराला टेकलेले.

त्यानंतर तो खरोखरच कॅम्पात गेला. कॅम्पाचे प्रमुख तातेराव यांना चौकी पडायला हवी होती. सटवाजीला आतली माणसं हवी होती. बेत त्यानेच आखला. आधी वात पेटवायची, मग तिचा धूर दिसताच गुलाबसिंगने पुढच्या दाराला बाहेरून कडी घालून ओढ्याकडे पळायचं. कडी आधी घातली तर वाजेल, ते जागे होतील आणि आतून मोरीत पाणी ओतून दारू भिजवायला त्यांना वेळ मिळेल.

गुलाबसिंग भिंतीच्या कडेने पुढे गेला. दाराशी पोचल्याची खूण म्हणून त्याने छपरावर खडा टाकला. सटवाजीने मडक्यातला निखारा चिमट्यात धरला, फुंकला आणि वातीला लावला. वात फुसफुसली.

आणि त्याचा गळा आपोआप उघडला.

"बाऽर हाये! बाजूला व्हा! बाऽर!"

लहानपणी बापाने मुस्कटात मारून शिकवलं होतं, आधी आवाज, मग आग. विहिरीच्या काठावर माती वाहणाऱ्या बाया असतात, लेकरं असतात, गुरं असतात. न ओरडता त्याने आयुष्यात एकही वात पेटवली नव्हती. स्वतःचा आवाज त्याला शेजारच्या शेतातून आल्यासारखा ऐकू आला. आतलं घोरणं थांबलं.

बाभळीखालची पहार उचलून तो पुढे धावला. दार उघडलं होतं आणि गुलाबसिंगने बाहेर पडणाऱ्या जमादाराचा पाय धरला होता. जमादाराने बंदुकीचा दस्ता गुलाबसिंगच्या तोंडावर हाणला; दात रक्तासोबत बाहेर आले. तरी गुलाबसिंगने त्याचा पाय सोडला नाही. मग जमादाराने नळी खाली करून त्याच्या पोटात गोळी घातली. शिपाई त्याला तुडवत पळाले. शेवटच्याच्या गुडघ्यात सटवाजीने पहार घातली. हाड ओल्या फांदीसारखं मोडलं. तेवढ्यात मागची भिंत उडाली. दगड पडत राहिले, एक पत्रा गिरक्या घेत ओढ्यात गेला. धुरळा बसला तेव्हा गुडघा मोडलेला शिपाई दगडांखाली निपचित होता. चौकी रिकामी होती. जमादार दूर, ज्वारीच्या धसकटांतून पळत होता.

सटवाजीने गुलाबसिंगला ओढ्यात ओढून नेलं. पोटावर दाबलेलं धोतर लगेच भिजलं.

"तुमी वरडले," गुलाबसिंग म्हणाला.

सटवाजीने धोतर आणखी घट्ट दाबलं.

"मीबी वाटच पाहून राहिलो होतो." तो हसायला गेला आणि तोंडातून रक्त आलं. "म्हनलं, वात पेटली, मेस्त्री अजून काहून वरडंना."

संध्याकाळच्या आत तो गेला.

चौकी पडली, आपलं काम झालं, असं तातेराव म्हणाले. बाकीचे सटवाजीसमोर थुंकले. एकाने त्याला जमादाराचा माणूस म्हटलं. सटवाजी तांड्यावर गेला आणि गुलाबसिंगच्या बायकोला, मिराबाईला, काही न लपवता सगळं सांगितलं. ती जात्याचा खुंटा धरून ऐकत होती.

"तुमी वरडले नसते तर?"

"तर तो कडी घालून सुटला असता, बाई."

मिराबाईने पुन्हा दळायला घेतलं. तो उठला.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, हैदराबादचं राज्य गेलं. जमादाराचा पत्ता कुणाला लागला नाही. दिवाळीनंतर जवळा बाजारला एका विहिरीचं काम निघालं. घणावर नवा गडी होता. माती वाहणाऱ्या बायांत मिराबाई होती. तिने सटवाजीकडे पाहिलं, टोपली उचलली आणि कामाला लागली.

पहिला बार भरून झाला. गडी दोराने वर गेला. तळाशी सटवाजी एकटाच राहिला. त्याने निखारा उचलला, तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. वर बाया बोलत होत्या, टोपल्या आपटत होत्या. हाक आली नाही म्हणून कुणीच हललं नव्हतं. निखाऱ्यावर राख धरू लागली. हाकेशिवाय त्याचा हात वातीकडे जाईना.

मग काठावरून आवाज आला.

"बाऽर हाये! बाजूला व्हा! बाऽर!"

मिराबाईचा आवाज पहिल्या शब्दाला फाटला, शेवटच्याला स्वच्छ आला. टोपल्या खाली ठेवल्या गेल्या. पावलं लांब गेली; एक जोडी काठाशीच राहिली.

सटवाजीने निखाऱ्यावरची राख फुंकली, वात पेटवली आणि वर चढायला दोर धरला. गुलाबसिंग गेल्यापासून काठावर दोर धरायला कुणी नव्हतं; आता तो दगडाला बांधला होता. त्याने दोराला हिसका दिला. वरून कुणीतरी ओढायला लागलं.