राहिलेले अनारसे

मी पितळी स्टोव्ह. सांगलीत गावभागातल्या एका भाड्याच्या खोलीतून बोलतोय. जरा तिरका बसलोय, कारण एक पाय वाकडा आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण तो काही आठवत नाही. स्वतःचा जन्म कुणालाच आठवत नाही. सांगतात मात्र सगळे. पुढे दुकानाच्या फळीवर चकचकीत बसलो होतो, तेव्हा मी स्वतःला दागिना समजत असे. मग आकारामने मला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी पिन घालून माझं नाक टोचलं.

आकाराम कवठे महांकाळचा, कॉलेजात रसायनशास्त्र शिकणारा. खोलीतला त्याचा जोडीदार अर्जुना कोरेगावकडचा. त्याच्या घरी मिसरूड फुटलं की मुलगा फौजेत जातो. कॉलेज म्हणजे मधला वेळ.

आकाराम खाणावळीला नावं ठेवायचा. एकदा अर्जुना वैतागला.

"लय बोलतोस. करून दाखव की गड्या!"

आकारामने रद्दीवाल्याकडून पाककृतींचं जाडजूड पुस्तक आणलं. "ह्यातलं समदं करतो. तुझं भरतीचं बोलावणं यायच्या आत."

हरेल त्याने मिशी काढायची, असं ठरलं. आमच्याकडे शेताच्या बांधानंतर माणूस मिशीलाच जपतो.

पुस्तक कुणा पुणेरी बाईंचं. 'चवीपुरते मीठ' वाचून आकाराम अडला. कुणाच्या चवीपुरतं? महिनाभर तो मीठ तोलून घालत होता.

"भाजीतबी गूळ?" अर्जुना विचारी. "ह्या बाईंचं माहेर गुऱ्हाळात हुतं काय रं?"

तरी ताट चाटूनपुसून ठेवी.

पाऊस सरता सरता पुस्तकही सरत आलं. अवघड म्हणून शेवटी ठेवलेले अनारसे तेवढे राहिले. भिजवलेले तांदूळ कुटून, गुळात कालवून, पीठ डब्यात मुरत ठेवायचं. ते सरकारी कागदासारखं, स्वतःच्या सवडीने मुरतं.

तेवढ्यात अर्जुनाचं बोलावणं आलं. साल पासष्ट, सरहद्दीवर लढाई पेटलेली. ट्रंक भरता भरता त्याने विचारलं, "आकाराम, पीठ झालं का रं?"

आकारामने डबा उघडला, पीठ बोटाने दाबून पाहिलं, झाकण लावलं.

"न्हाई. कच्चंच हाय."

मग आरसा टेकवून त्याने वस्तऱ्याने मिशी उतरवली. अर्जुना पोट धरून हसला. दोघेही हसले, जरा जास्तच वेळ.

अर्जुना गेल्यावर घरमालकीण हरणाबाई डोकावल्या. आकारामचं बोडकं तोंड बघून दचकल्या, मग त्यांनी डबा हुंगला.

"आरं, पीठ तर चांगलं मुरलंय की! मग मिशी का घालवलीस, येड्या?"

"एक पदार्थ राहू द्या, मावशी. त्यो खायला त्याला माघारी यायला नको?"

हरणाबाईंनी पिठाचे गोळे घट्ट वळले आणि डबा फडक्याने बांधून दिला.

लढाई थांबली. शिकाऊपण संपवून अर्जुना आता पहिल्या सुट्टीवर येतोय. गोळे दगडासारखे झालेत; हरणाबाई म्हणतात, दुधाचा हात लावला की मऊ होऊन थापता येतील.

मी मात्र एवढं पुस्तक शिजवून म्हातारा झालो. पंप मारला की खोकतो. काल आकाराम अर्जुनाच्या येण्यासाठी नवा स्टोव्ह बघायला निघाला होता. बाबा रे, तेवढं करू नकोस. माझं वायसर बदल, बर्नर साफ कर. अनारशाला मंद आच लागते. ती मी जीव धरून देईन. ते दोघांनी खाल्ले, की मग मला खुशाल मोडीत घाल.